बागेत कर्ब-पाण्याचा मनोरा उभारू द्यावा का?

सड्याखालची_बाग

सर्वांना नमस्कार. राजापूर तालुक्यात, खाडीपासून थोडे आत, पश्चिमेकडे उतरत जाणाऱ्या डोंगरावर आमची चार एकर हापूसची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला आमचाच तीन एकर काजू आहे, त्याच्या वर भावकीतल्या लोकांची जुनी राई आहे आणि राई संपली की सडा, म्हणजे माथ्यावरचे कातळाचे पठार, सुरू होतो. बागेच्या खाली भातखाचरे आणि मग खाडी, अशी एकंदर रचना आहे.

गेल्या महिन्यात एक संशोधक विद्यार्थी घरी आला होता. बागेच्या मध्यभागी पंधरा मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभारून त्यावर यंत्रे बसवायची आणि दोन वर्षे नोंदी घ्यायच्या, अशी त्याची योजना आहे. झाडे हवेतून किती कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) घेतात, किती परत सोडतात आणि त्याच वेळी किती पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकतात, हे या यंत्रांवरून कळेल असे तो म्हणतो. मुलगा गुणी वाटला. बोलताना घाई करत नव्हता आणि चहाला नाही म्हणाला नाही. तरीही काही गोष्टी मला उमगलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट अशी की, झाडाला हात न लावता, नुसत्या वाऱ्यावरून झाडाचा हिशेब कसा लागतो? दुसरी अशी की, मध्यंतरी एका कंपनीचा माणूस कार्बन क्रेडिटचे, म्हणजे झाडांनी धरलेल्या कर्बाबद्दल पैसे मिळवून देण्याचे, फॉर्म घेऊन वाडीत फिरत होता आणि नोंदणीचे पैसे आधी मागत होता. त्याला मी परत पाठवले, परंतु या मनोऱ्याचे आकडे हाती आले तर बागेच्या नावाने काही मिळू शकते का? तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. आमची विहीर पूर्वी मे महिन्याच्या मध्यापर्यंत साथ देत असे, आता ती एप्रिलअखेरीसच तळ दाखवते. वाडीतले लोक म्हणतात की काजूने पाणी ओढले. ते खरे की खोटे, हे मनोरा सांगेल का?

माझे वय साठीच्या पुढे आहे आणि शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत झाले आहे, तेव्हा कृपया मराठीत आणि सविस्तर लिहावे.

मनोऱ्यावरचा_माणूस

काका, नमस्कार. अशा मनोऱ्यांची देखभाल आणि त्यांच्या नोंदींचे विश्लेषण हे काम मी काही वर्षे केले आहे, म्हणून आपल्या पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. पाण्याचा प्रश्न माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत.

या पद्धतीला एडी कोव्हेरियन्स म्हणतात. हवा वाहते तेव्हा ती सरळ आडवी वाहत नाही, लहानमोठे भोवरे गरगरत पुढे सरकतात आणि प्रत्येक भोवऱ्याबरोबर हवेचा थोडा भाग वर जातो व थोडा खाली येतो. खाडीतल्या तरीची, म्हणजे माल वाहणाऱ्या होडीची, कल्पना करा. दिवसभरात होडी जितक्या वेळा पलीकडे जाते तितक्याच वेळा अलीकडे येते, म्हणून नुसत्या फेऱ्या मोजून काही हाती लागत नाही. परंतु जाताना ती भरलेली आणि येताना रिकामी असेल, तर माल कोणत्या काठाकडे चालला आहे हे कळते. भर दुपारी झाडे कर्बवायू शोषत असतात, त्यामुळे वर जाणाऱ्या हवेत तो किंचित कमी असतो आणि खाली येणाऱ्या हवेत किंचित जास्त. बाष्पाचे याच्या उलट असते. मनोऱ्यावरचे एक यंत्र ध्वनिलहरींच्या साहाय्याने हवेचा उभा वेग मोजते आणि दुसरे यंत्र अवरक्त किरणांनी त्याच हवेतला कर्बवायू व बाष्प मोजते. ही दोन्ही मापे सेकंदाला दहा किंवा वीस वेळा घेतली जातात, म्हणजे अर्ध्या तासात निदान 18,000 वेळा, आणि मग दोन्ही एकमेकांशी ताडून त्या अर्ध्या तासाचा एक आकडा काढला जातो. वर्षाला असे 17,520 आकडे तयार होतात. स्विनबँक यांनी ऑस्ट्रेलियात 1951 मध्येच ही रीत मांडली होती, परंतु इतक्या वेगाने कर्बवायू मोजणारी यंत्रे पुढे कित्येक वर्षांनी आली. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये 1991 पासून अशा नोंदी चालू आहेत आणि 1997 पासून फ्लक्सनेट या नावाने जगभरातले मनोरे एकमेकांशी जोडले गेले आहेत. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने काझीरंगा आणि पिचावरम या ठिकाणी असे मनोरे उभारले आहेत.

आता आपल्या बागेविषयी लिहितो, कारण खरी गुंतागुंत तेथे आहे.

मनोऱ्याची 'नजर' किती लांब जाते याचा एक ढोबळ अंदाज असा धरतात की, झाडांच्या शेंड्यांपासून यंत्र जितके उंच, त्याच्या सुमारे शंभर पट अंतरापर्यंतची जमीन त्याच्या मापात येऊ शकते. आपली झाडे आठ मीटर उंच आहेत असे धरले तर यंत्र शेंड्यांपासून सात मीटर वर राहील आणि नजर सातशे मीटरपर्यंत पोहोचेल. जवळच्या जमिनीचा वाटा त्यात अधिक असतो हे खरे, तरी चार एकर बाग चौरस मानली तर तिची एक बाजू जेमतेम 127 मीटर भरते आणि मध्यावरून बांध साठ-पासष्ट मीटरवरच येतो. वाऱ्याला सातबारा कळत नाही. मनोऱ्यावर येणारा आकडा आपल्या बागेचा असेल, तसाच खालच्या खाचरांचा आणि वरच्या राईचाही असेल.

त्यात कोकणातला वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. पावसाळा सोडला तर दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, म्हणजे मनोरा तेव्हा बागेचा खालचा भाग आणि भातखाचरे 'पाहतो'. रात्री मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटला की तोच मनोरा काजू आणि राई पाहू लागतो. झाडे दिवसा कर्बवायू घेतात आणि रात्री माती व झाडे मिळून तो सोडतात. दिवसाचा जमेचा आकडा एका जमिनीचा आणि रात्रीचा खर्चाचा आकडा दुसऱ्या जमिनीचा, असे असताना या दोहोंची वजाबाकी करून 'बागेने वर्षात इतका कर्ब धरला' असे म्हणणे म्हणजे एका घरची मिळकत आणि दुसऱ्या घरचा खर्च एकाच वहीत मांडण्यासारखे होईल. दिशांनुसार नोंदी वेगळ्या करता येतात, परंतु मग प्रत्येक वाट्याला येणाऱ्या नोंदी अर्ध्याच उरतात.

रात्रीची अडचण एवढ्यावर थांबत नाही. वारा पडला की मातीतून निघालेला कर्बवायू वर यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. उतारावरची थंड हवा तो उचलते आणि पाण्यासारखी खाली खाडीकडे वाहून नेते. मनोऱ्याला वाटते की माती शांत आहे. ही चूक दुरुस्त केली नाही तर कोणतीही डोंगरउतारावरची बाग कागदावर फार मोठी कर्बसाठवण करणारी ठरते. म्हणून वाऱ्याची घुसळण ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असलेल्या रात्रीच्या नोंदी टाकून देतात आणि त्या जागी तापमानावरून काढलेला अंदाज भरतात. पावसाचेही तसेच आहे. उघड्या हवेतच मोजणाऱ्या यंत्राच्या भिंगावर थेंब बसले की त्या वेळचे माप गेले, त्यामुळे जून ते सप्टेंबरच्या नोंदी सर्वांत विरळ असतात आणि आपल्याकडे रान तर तेव्हाच भरभरून वाढते. नळीतून हवा ओढून आत मोजणारे यंत्र पावसात बरे चालते, परंतु त्याला वीज अधिक लागते.

क्रेडिटबाबत थोडक्यात सांगतो. ज्या बागा आधीपासूनच उभ्या आहेत त्यांना सहसा काही मिळत नाही, कारण तो व्यवहार 'योजनेमुळे जास्तीचा धरला गेलेला कर्ब' या तत्त्वावर चालतो आणि त्यासाठी झाडांचे घेर मोजण्याची पद्धत वापरतात, मनोरा नव्हे. आधी पैसे मागणाऱ्याला आपण परत पाठवले हे उत्तम केले. शिवाय आंब्याचा हिशेब वेगळाच आहे. पाच डझनांची पेटी पंधरा किलोची धरली तर तिच्यात शुष्क भाग सुमारे तीन किलो आणि त्यातला कर्ब सव्वा-दीड किलोच्या आसपास असतो. बागेत झाडांनी धरलेला तो कर्ब वाशीच्या बाजारात जातो आणि मुंबईकरांच्या श्वासावाटे पुन्हा हवेत मिसळतो. मनोऱ्याच्या वहीत मात्र तो आपल्याच नावावर जमा राहतो. चारशे पेट्या गेल्या तर चौरस मीटरला तीस-पस्तीस ग्रॅम कर्ब झाला. सपाट, एकसारख्या, आदर्श जागेवरच्या मनोऱ्याच्या वार्षिक आकड्यातही पन्नास ग्रॅमपर्यंत चूक मान्य केली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या उतारावर काय होईल याची कल्पना येईल.

खाडीकाठची

वरील उत्तर उत्तम आहे. त्यात एका गोष्टीची भर घालते, कारण माझे काम कांदळवनातले आहे आणि काकांच्या बागेखाली खाडी आहे.

मनोऱ्याला फक्त वर जाणारी वाट दिसते. बाजूने जाणारी वाट त्याला दिसत नाही. आमच्याकडे चिप्पी आणि तिवरांच्या मुळांशी चिखलात तयार झालेला कर्बवायू भरतीच्या पाण्यात विरघळतो आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे निघून जातो. भरतीचे पाणी चिखलावर असताना मनोऱ्याला रात्रीचे उत्सर्जन घटलेले दिसते, पण त्याचा एक भाग खालून निसटलेला असतो. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्समधील कांदळवनात 2004-05 च्या सुमारास वर्षाला चौरस मीटरमागे सुमारे 1,170 ग्रॅम कर्ब शोषला गेल्याची नोंद आहे. वनांच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे आणि संशोधकांनी त्यामागचे एक कारण म्हणून या पाण्यावाटे जाणाऱ्या कर्बाकडेच बोट दाखवले आहे. ऑक्टोबर 2005 मध्ये विल्मा चक्रीवादळाने त्या वनाला झोडपले, हेही येथे आठवते. निसर्ग आणि तौक्ते ही चक्रीवादळे पाहिलेल्या आपल्या किनाऱ्याने पंधरा मीटरच्या मनोऱ्याचा पाया आणि ताणाच्या तारा याकडे दुर्लक्ष करू नये.

भातखाचरांविषयी एक सूचना. पाणी साचलेल्या खाचरातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे 27 पट तापवणारा आहे. केवळ कर्बवायू मोजणाऱ्या यंत्राला मिथेन दिसत नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचाच असल्यामुळे नेमकी तीच खाचरे नजरेत राहतील, तेव्हा विद्यार्थ्याला याबद्दल अवश्य विचारावे.

विहिरीचे_पाणी

बंधो, माझी सारी नोकरी भूजलाच्या कामातच झाली आणि कोकणातल्या विहिरी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आपला तिसरा प्रश्न मला मूळ प्रश्न वाटतो. कर्ब आणि पाणी हे दोन वेगळे विषय असल्यासारखे आपण बोलतो, परंतु पानाच्या लेखी ते एकच दार आहे. कर्बवायू आत घेण्यासाठी पानाला आपली सूक्ष्म छिद्रे उघडावी लागतात आणि ती उघडली की आतली ओल बाहेर पडते. कर्बवायूचा एक रेणू मिळवताना पाण्याचे शेकडो रेणू जातात. जुलैमध्ये हवाच इतकी दमट असते की दार उघडे असूनही पाणी फार जात नाही, मात्र ढगांमुळे उजेडही कमी पडतो. मार्चमध्ये उजेड भरपूर असतो, परंतु सकाळी पूर्वेची कोरडी हवा वाहते आणि झाड दुपारच्या आत छिद्रे आवरती घेते. कर्बाचे पैसे हवे असतील तर पाण्याची किंमत मोजावी लागते, हे त्या क्रेडिटवाल्याने आपल्याला सांगितले नसावे.

आता थोडा हिशेब पाहू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 4,000 लिटर. आपल्या सात एकरांनी कोरड्या दिवसांत रोज 3 मिलिमीटर पाणी सोडले असे केवळ उदाहरणासाठी धरतो. ते दिवसाला सुमारे 85,000 लिटर झाले, म्हणजे दहा हजारी टँकरच्या साडेआठ फेऱ्या. हा आकडा ऐकला की वाडीतल्या लोकांचे म्हणणे खरे वाटू लागते. परंतु ऑक्टोबर ते मे हे 240 दिवस धरले तरी एकूण 720 मिलिमीटरच होतात आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला पाऊस 3,000 मिलिमीटरच्या वर पडतो. मग उरलेले पाणी कोठे गेले? त्यातले पुष्कळसे पावसातच पृष्ठभागावरून ओढ्याला लागते. जे मुरते तेही जांभ्यात फार काळ थांबत नाही, कारण जांभा सच्छिद्र आहे आणि त्याच्याखाली चिकणमातीचा थर असतो. पाणी त्या थरापर्यंत उतरते, त्यावरून आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडते. आपली विहीर त्या वाटेवरचे एक भोक आहे, साठवणीची टाकी नव्हे.

काजूवर आळ घेण्यापूर्वी माझा प्रश्न असा राहील की, काजू लावण्याआधी त्या तीन एकरांत काय होते? राईच असेल, तर तीही पाणी पीतच होती आणि तिची मुळे काही उथळ नव्हती. बदलली असेल तर जमीन बदलली असेल. काजूखाली दरवर्षी बेणणी (गवत-झुडपांची सफाई) होते, पातेरा (गळलेला वाळका पाला) गोळा करून जाळला जातो, बी वेचायला सोयीचे म्हणून भुई लख्ख ठेवली जाते. उघड्या भुईवर पावसाचा मारा बसला की वरची माती दबते आणि पाणी मुरण्याऐवजी पळते. माझा कल या कारणाकडे आहे. अर्थात सड्यावर नवे बोअर पडले असतील किंवा चिऱ्यांची खाण निघाली असेल, तर तेही पाहावे लागेल.

मनोरा यापैकी काय सांगेल? झाडांनी आणि मातीने मिळून किती पाणी हवेत टाकले, हे तो कर्बापेक्षा अधिक भरवशाने सांगेल, कारण बाष्पाचा व्यवहार मुख्यतः दिवसा होतो आणि रात्रीची ती उताराची अडचण तेथे फारशी आड येत नाही. तरी बहुतेक मनोऱ्यांवर सूर्याकडून आलेल्या ऊर्जेचा जमाखर्च 10 ते 30 टक्क्यांनी तुटीचा राहतो, म्हणून बाष्पाचा आकडा कमी लागत असण्याची शक्यता धरावी. ते पाणी विहिरीच्या वाटेवरचे होते की वरच्या मातीतले, हे मात्र मनोऱ्याला कळणार नाही. त्यासाठी विहिरीची पातळी दर आठवड्याला त्याच दिवशी, उपसा करण्यापूर्वी मोजावी. सुंभाला दगड बांधून कठड्यापासून मोजले तरी चालते. सोबत एक साधे पर्जन्यमापक ठेवावे. मनोरा, विहीर आणि पाऊस या तीन वह्या शेजारी ठेवल्या तरच आपल्या प्रश्नाचे उत्तर सुरू होईल.

सड्याखालची_बाग

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काजूच्या जागी पूर्वी राईच होती, माझ्या वडिलांनी 1986 साली ती तोडून कलमे लावली. पातेरा आम्ही जाळतो हेही खरे आहे. विहीर मात्र काजू लावल्यावर वीस वर्षे ठीक चालत होती, त्यामुळे सगळा दोष भुईवर टाकण्यास मन धजत नाही. सड्यावर चिऱ्यांच्या दोन खाणी आहेत, त्यातली मोठी खाण अलीकडची आहे.

विद्यार्थ्याशी पुन्हा बोललो. नजरेच्या अंतराची आणि मतलईची गोष्ट विचारल्यावर तो जरा गडबडला, मग वही काढून त्याने दोन्ही मुद्दे लिहून घेतले. मनोरा बागेच्या मध्याऐवजी काजू आणि राई यांच्या सीमेवर नेता येईल का, असे तोच आता विचारतो आहे. ते योग्य होईल का, आणि परवानगी देताना मी काय लिहून घ्यावे?

मनोऱ्यावरचा_माणूस

काका, सीमेवर नेण्यात अर्थ आहे, मात्र मग प्रश्नही बदलून घ्यावा लागेल. 'बाग किती कर्ब धरते' हा प्रश्न सोडून 'खारा वारा काजूवरून येतो तेव्हा आणि मतलई राईवरून येतो तेव्हा काय फरक दिसतो' असा तो होईल. दिवस आणि रात्र यांची सरमिसळ तेथेही आहेच, म्हणून सकाळी वारा फिरण्याआधीचे दोन तास आणि फिरल्यानंतरचे दोन तास, एवढ्याच नोंदी त्याने आधी पडताळून पाहाव्यात. उजेडाचा फरक हिशेबातून वजा केला तर तेवढ्यावरही पाण्याविषयी काहीतरी ठामपणे म्हणता येईल.

लिहून घेताना पुढील गोष्टी असाव्यात. तडितवाहक आणि त्याचे जमिनीतले जोडकाम त्यांच्या खर्चाने व्हावे, कारण ऑक्टोबरच्या गडगडाटात उंच लोखंड धोक्याचे असते. ताणाच्या तारांना रंगीत फडकी बांधावीत, नाहीतर बी वेचणाऱ्या बायका आणि गुरे अडखळतात. माकडे केबल कुरतडतात, तेव्हा केबल पाइपातून न्याव्यात. भिंगावर खाऱ्या वाऱ्याचे मीठ बसते, ते आठवड्याला पुसावे लागते आणि हे काम शेवटी आपल्याच गड्यावर येते, म्हणून त्याची मजुरी आधीच ठरवावी. नोंदींची एक प्रत दर सहा महिन्यांनी आपल्याला मिळावी आणि तिच्यात उणे चिन्ह कशाचे हे स्पष्ट लिहिलेले असावे. या शास्त्रात उणे म्हणजे हवेतून घेतलेला कर्ब. ते ठाऊक नसल्याने बाग तोट्यात आहे असे समजून एक बागायतदार फार हळहळले होते. आपल्या बाजूने, पातेरा जाळाल त्या दिवसाची आणि वेळेची नोंद त्याला कळवत जा.

सड्याखालची_बाग

कळले. पातेरा यंदा काजूच्या अर्ध्या भागात जाळणार नाही, तेथेच पसरून ठेवणार आहे आणि त्याची नोंद करणार आहे. परवानगीचा कागद पुढच्या रविवारी करू असे विद्यार्थ्याला सांगितले आहे. विहीर आज सकाळी पंप लावण्याआधी मोजली. कठड्यापासून पाणी 4 मीटर 10 सेंटिमीटरवर आहे.